रनिंग बॅकचा भाव पडला कसा आणि सेक्वॉन बार्कलीने तो चढवला कसा

मार्च २०२५ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने सेक्वॉन बार्कलीचा करार दोन वर्षांनी वाढवला. रक्कम ४ कोटी १२ लाख डॉलर, त्यातले ३ कोटी ६० लाख हमीचे. वर्षाला सरासरी दोन कोटी डॉलरच्या वर गेलेला एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधला हा पहिला रनिंग बॅक. वीसच महिन्यांपूर्वी हाच माणूस न्यूयॉर्क जायंट्सकडे लांब मुदतीच्या करारासाठी अडून बसला होता आणि शेवटी एका वर्षाच्या बोलीवर मुकाट्याने सरावाला हजर झाला होता. या दोन टोकांच्या मधल्या काळात काय घडलं हे समजायचं तर बार्कलीच्या आधीची पन्नास-साठ वर्षं चाळावी लागतात.

आधी ही जागा काय आहे ते सांगतो. चाली चालवणारा आणि पास फेकणारा तो क्वार्टरबॅक. रनिंग बॅक त्याच्या मागे किंवा बाजूला उभा असतो. चेंडू रनिंग बॅकच्या हातात दिला जातो आणि तो समोरच्या गर्दीत घुसतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, असा हा खेळ. चांगला रनिंग बॅक एका धावेत सरासरी चार-साडेचार यार्ड काढतो आणि जवळजवळ प्रत्येक धाव संपते ती कुणीतरी शंभर-सव्वाशे किलोचा गडी अंगावर आदळल्यावर. हंगामात अशा अडीचशे-तीनशे धावा. शरीर किती दिवस साथ देणार, हे वेगळं सांगायला नको.

एकेकाळी हा संघाचा राजा होता. क्लीव्हलंड ब्राउन्सचा जिम ब्राउन नऊ हंगाम खेळला, त्यांतल्या आठ हंगामांत सर्वाधिक यार्ड त्याचे होते. १९६६ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, संघमालकाशी वाजल्यावर त्याने सरळ निवृत्ती जाहीर केली. १९७३ मध्ये ओ. जे. सिम्पसनने चौदा सामन्यांत २,००३ यार्ड काढले आणि ‘दोन हजारी’ हा मान रूढ झाला. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सच्या एरिक डिकरसनने सोळा सामन्यांत २,१०५ यार्ड केले. तो विक्रम आजही उभा आहे. तीनच वर्षांत पगारावरून बिनसलं आणि रॅम्सने त्याला इंडियानापोलिसला देऊन टाकलं, हेही लक्षात ठेवण्यासारखं. विक्रमवीरालाही पैशासाठी भांडावंच लागलं होतं.

दरम्यान खेळाचा तोल सरकू लागला होता. १९७८ मध्ये लीगने नियम बदलले. चेंडू झेलायला धावणाऱ्या खेळाडूला बचावपटूने पाच यार्डांपलीकडे धक्काबुक्की करायची नाही, आणि क्वार्टरबॅकचं संरक्षण करणाऱ्यांना हात पसरून, तळवे उघडे ठेवून अडवायची मुभा. प्रेक्षकांना गुण हवे होते आणि ते पासमधून येत होते. पुढे प्रत्येक दशकात पासचा वाटा वाढत गेला, आणि पैसा पासच्या मागे गेला.

तरीही १९९३ पर्यंत रनिंग बॅक मालकाला वाकवू शकत होता. डॅलस काउबॉइज गतविजेते, आणि एमिट स्मिथ करारावर सही न करता घरी बसलेला. त्याच्या जागी डेरिक लासिक हा नवखा. पहिले दोन्ही सामने डॅलस हरलं. दुसऱ्या पराभवानंतर ड्रेसिंग रूममध्ये चार्ल्स हेलीने चिडून हेल्मेट भिंतीवर फेकलं. संघमालक जेरी जोन्स तिथेच होते. काही दिवसांत स्मिथला चार वर्षांसाठी १ कोटी ३६ लाख डॉलर मिळाले. तो परतला, हंगामातले सर्वाधिक यार्ड काढले, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि डॅलसने सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत, पुन्हा जिंकला. अडून बसणं फळाला आलं, असं ठणकावून सांगता येईल अशी ही बहुधा शेवटची मोठी गोष्ट.

मालकांच्या डोक्यात दुसरा हिशेब घातला तो डेन्व्हरने. ब्रॉन्कोजने १९९५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवखे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, सहाव्या फेरीत टेरेल डेव्हिसला उचललं. सहावी फेरी म्हणजे जवळजवळ उरलेसुरले. प्रशिक्षक माइक शनाहन यांच्या डेन्व्हरमध्ये धावणाऱ्याला वाट करून देणारी पुढची फळी एकेका प्रतिस्पर्ध्याला न धरता सगळी मिळून एका बाजूला सरकायची. धावणाऱ्याने फट दिसेपर्यंत धीर धरायचा, दिसली की एकदाच वळायचं आणि घुसायचं. १९९८ मध्ये डेव्हिसने २,००८ यार्ड काढले, प्लेऑफ म्हणजे बाद फेरी धरून २,४७६. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीलाच न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध त्याचा गुडघा गेला आणि कारकीर्द जवळपास तिथेच संपली. मग काय झालं? १९९९ मध्ये चौथ्या फेरीतल्या ओलँडिस गॅरीने त्याच्या जागी १,१५९ यार्ड काढले. २००० मध्ये सहाव्या फेरीतल्या माइक अँडरसनने १,४८७. त्यानंतर क्लिंटन पोर्टिस आला, त्यानेही पंधराशे ओलांडले.

इतर संघांच्या कार्यालयांत याचा अर्थ एकच लावला गेला: फळी चांगली असेल तर मागे कुणीही उभा करा. माझ्या मते हा अर्थ अर्धाच खरा होता. गॅरी किंवा अँडरसनला दोन हजारांच्या जवळपासही जाता आलं नाही. पण अर्धं सत्य स्वस्तात पडत असेल तर कोणता मालक ते सोडेल?

२०११ मध्ये याच्यावर कायदेशीर शिक्का बसला. तोवर ड्राफ्टमधल्या पहिल्या खेळाडूंना बेसुमार पैसा मिळायचा. २०१० मध्ये क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्डला एकही सामना न खेळता ७ कोटी ८० लाख डॉलरचा सहा वर्षांचा करार मिळाला होता. चार महिन्यांच्या टाळेबंदीनंतर खेळाडू संघटना आणि मालक यांच्यात जो सामूहिक करार झाला, त्यात नवख्यांचा पगार ड्राफ्टच्या क्रमांकाला बांधला गेला. करार चार वर्षांचा, तीन हंगाम होईपर्यंत फेरबोलणी नाही. पहिल्या फेरीतला असेल तर पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हाती. त्यानंतर ‘फ्रँचायझी टॅग’ हे १९९३ पासूनचं हत्यार आहेच. मोकळ्या बाजारात जाऊ पाहणाऱ्या एका खेळाडूला ठरलेल्या एक वर्षाच्या रकमेवर संघ अडवून ठेवू शकतो.

म्हणजे चार, अधिक एक, अधिक एक. सहा वर्षं. एनएफएलमध्ये यायचं तर शाळा संपून तीन वर्षं व्हावी लागतात, त्यामुळे खेळाडू एकवीस-बाविसाव्या वर्षी येतो आणि पहिल्यांदा खऱ्या अर्थाने मोकळा होतो तो सत्तावीसच्या घरात. क्वार्टरबॅकचा तो ऐन बहराचा काळ. रनिंग बॅकचं मात्र तोवर चिपाड झालेलं असतं, निदान बाजार तसं गृहीत धरतो. २०१३ आणि २०१४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नाही.

पिट्सबर्गच्या लेव्हिऑन बेलने २०१८ मध्ये एमिट स्मिथचा मार्ग धरून पाहिला. टॅगचे सुमारे १ कोटी ४५ लाख डॉलर सोडून तो अख्खा हंगाम घरी बसला. त्याच्या जागी जेम्स कॉनरने तेरा सामन्यांत ९७३ यार्ड आणि बारा टचडाउन (चेंडू मैदानाच्या शेवटच्या रेषेपार नेणं) केले, तेही नवख्याच्या पगारात. कुणी हेल्मेट फेकलं नाही. २०१९ मध्ये तर ‘इंटरनॅशनल ब्रदरहुड ऑफ प्रोफेशनल रनिंग बॅक्स’ नावाच्या संघटनेने, आमचं काम आणि झीज वेगळी, तर वाटाघाटीही वेगळ्या करू द्या, असा अर्ज राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाकडे केला. तो फेटाळला गेला. उलट ज्या मोजक्यांना मोठे करार मिळाले, त्यांची उदाहरणं मालकांनाच सोयीची ठरली: रॅम्सने २०१८ मध्ये टॉड गर्लीला ५ कोटी ७५ लाखांचा वाढीव करार दिला आणि २०२० च्या मार्चमध्ये गुडघ्याच्या कुरबुरींनंतर त्याला सोडूनही दिलं.

अशा बाजारात बार्कली आला. जन्म १९९७, न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधला. लहानपणीच कुटुंब पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय व्हॅलीत आलं, तो व्हाइटहॉलच्या शाळेत खेळला आणि मग पेन स्टेटमध्ये. घराण्यात मुष्टियुद्ध होतं. थॉमस हर्न्सला हरवणारा जगज्जेता इराण बार्कली त्याच्या नात्यातला. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये जायंट्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं तेव्हा जाणकारांनी कपाळाला हात लावला. इतका वरचा क्रमांक आणि तो रनिंग बॅकवर? पहिल्याच हंगामात त्याने १,३०७ यार्ड धावून काढले, ९१ पास झेलले, आणि आक्रमणातला सर्वोत्तम नवखा ठरला. त्या वर्षी जायंट्स अकरा सामने हरले, हेही खरं.

पुढचं वर्णन दुखापतींचं आहे. २०१९ मध्ये घोटा. २०२० च्या दुसऱ्याच सामन्यात शिकागोत उजव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. हंगामभरात धावा एकोणीस. २०२१ मध्ये पुन्हा घोटा. २०२२ मध्ये तो सावरला, १,३१२ यार्ड काढले आणि जायंट्स सहा वर्षांनी प्लेऑफमध्ये पोचले. आता पैसे मिळायला हवे होते.

७ मार्च २०२३. टॅग लावायची मुदत संपायला काही मिनिटं उरलेली असताना जायंट्सने क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सशी चार वर्षांचा, १६ कोटी डॉलरचा करार केला. संघाकडे टॅग एकच असतो. जोन्सवरचा सुटला आणि तो बार्कलीवर पडला. रक्कम १ कोटी ९१ हजार. त्या वर्षी क्वार्टरबॅकचा टॅग सुमारे ३ कोटी २४ लाखांचा होता, पास झेलणाऱ्यांचा १ कोटी ९७ लाखांचा. रनिंग बॅकच्या खाली फक्त किक मारणारे होते. जुलैतली मुदतही टळली. बार्कली, लास वेगासचा जॉश जेकब्स आणि डॅलसचा टोनी पोलार्ड, तिघेही टॅगवर राहिले. त्याच आठवड्यात रनिंग बॅक ऑस्टिन एकेलरने बोलावलेल्या झूम बैठकीत लीगमधले नामांकित रनिंग बॅक जमले. हाती काही लागलं नाही. क्लीव्हलंडचा निक चब नंतर जे बोलला ते मात्र नेमकं होतं: आमचीच एक जागा अशी, जिथे कामगिरी आमच्याच अंगाशी येते. दोन हजार यार्ड काढले, तर पुढच्या वर्षी म्हणणार, आता हा झिजला.

बार्कली बोनसमध्ये थोडी भर घेऊन हजर झाला. २०२३ मध्ये ९६२ यार्ड, एका धावेला सरासरी ३.९. त्याला वाट करून देणारी जायंट्सची फळी कोसळत होती. जायंट्सकडे सहा वर्षांत त्याने १,२०१ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली होती. मार्च २०२४ मध्ये त्याला मोकळं सोडलं गेलं आणि शेजारच्या, हाडवैरी ईगल्सने तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर मोजले. जायंट्सचे मालक जॉन मारा त्याआधी आपल्या व्यवस्थापकाला म्हणाले होते की सेक्वॉन फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण. दुर्दैवाने एचबीओचा कॅमेरा तेव्हा खोलीत होता.

फिलाडेल्फियाची पुढची फळी जेफ स्टाउटलँड यांच्या हाताखाली तयार झालेली. डाव्या टोकाला जॉर्डन मायलाटा, सहा फूट आठ इंचांचा ऑस्ट्रेलियन, जो आधी रग्बी लीग खेळायचा. उजवीकडे लेन जॉन्सन. शिवाय पासच्या भीतीने सगळ्या लीगने बचावात हलके, चपळ खेळाडू भरले होते आणि दोघांना खोल मागे उभं करायची पद्धत पडली होती. धावणाऱ्यासाठी इतकी मोकळी जागा कित्येक वर्षांत नव्हती.

पहिला सामना साओ पावलोत, ग्रीन बेविरुद्ध: १०९ यार्ड, तीन टचडाउन. ऑक्टोबरात जायंट्सच्याच मैदानावर १७६ यार्ड. नोव्हेंबरात रॅम्सविरुद्ध २५५. पण लोकांच्या लक्षात राहिली ती ३ नोव्हेंबरची जॅक्सनव्हिलविरुद्धची एक चाल. छोटा पास झेलून त्याने एकाला चकवलं, मग जागच्या जागी गिरकी घेतली. गिरकी पुरी होते न होते तोच पाठीमागून जॅरियन जोन्स खाली वाकून पायांवर आला. बार्कलीची पाठ अजून त्याच्याकडेच. त्याने तशीच पाठमोरी उडी मारली आणि जोन्स त्याच्या खालून निघून गेला. बाजूरेषेवर प्रशिक्षक निक सिरियानी डोकं धरून उभे. मिळाले सगळे मिळून चौदा यार्ड.

डिसेंबरअखेर डॅलसविरुद्ध तो दोन हजारांपार गेला, असा नववा खेळाडू. सोळा सामन्यांत २,००५. शेवटचा सामना जायंट्सशीच, घरच्या मैदानावर, आणि डिकरसनला मागे टाकायला १०१ यार्ड हवे होते. प्लेऑफमधलं स्थान आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे सिरियानींनी त्याला विश्रांती दिली आणि विक्रम हुकला. मला हा निर्णय पटतो. बर्फात रॅम्सविरुद्ध २०५ यार्ड, मग वॉशिंग्टनविरुद्ध हातात आलेल्या पहिल्याच चेंडूवर साठ यार्डांचा टचडाउन, हे त्याच पायांनी केलं. ९ फेब्रुवारी २०२५ ला, त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, न्यू ऑर्लिन्समध्ये ईगल्सने कॅन्सस सिटीला ४०-२२ असं हरवलं. त्या रात्री चीफ्सने त्याला ५७ यार्डांत रोखलं, पण प्लेऑफसह त्याची बेरीज २,५०४ झाली. मोडला तो टेरेल डेव्हिसचा २,४७६ चा विक्रम. ज्या डेव्हिसच्या गुडघ्यानंतर ‘मागे कुणीही चालतो’ हे गणित रूढ झालं, त्याचाच.

आता वाद घालायचा तर दोन्ही बाजूंना पुरावा आहे. ३.९ वरून ५.८ वर सरासरी गेली ती फळी बदलल्यावर, म्हणजे जायंट्सचं गणित चुकलं नव्हतं असं कुणी म्हणू शकेल. पण जवळपास तीच फळी, तोच स्टाउटलँड आदल्या वर्षीही फिलाडेल्फियात होते आणि तेव्हा कुणी दोन हजारांच्या आसपास नव्हतं. जायंट्स २०२४ मध्ये सतरापैकी तीन सामने जिंकले. १६ कोटींच्या डॅनियल जोन्सला त्यांनी नोव्हेंबरातच सोडलं.

बार्कली एकटाही नव्हता. त्याच २०२४ मध्ये तिशीतल्या डेरिक हेन्रीने बाल्टिमोरकडून १,९२१ यार्ड काढले, जेकब्सने ग्रीन बेकडून १,३२९. एप्रिल २०२५ च्या ड्राफ्टमध्ये लास वेगास रेडर्सने अॅश्टन जेंटी या रनिंग बॅकला सहाव्या क्रमांकावर घेतलं. बार्कलीनंतर इतक्या वर कुणी गेलं नव्हतं. भाव चढला, नियम मात्र तेच आहेत. जेंटीचा करार चार वर्षांचा, पाचव्याचा पर्याय रेडर्सच्या हाती, आणि वाटलं तर २०३० मध्ये टॅग. सध्याचा सामूहिक करारही त्याच हंगामापर्यंत आहे.