आधी पोलीस, मग उपचार? कायदा असं म्हणत नाही

अपघातातल्या जखमीला पोलीस आल्याशिवाय हॉस्पिटल हात लावत नाही, तसा कायदाच आहे, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. कायदा नेमका उलट आहे. गाडीने उडवलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या हॉस्पिटलने ‘पोलीस केस आहे, आम्ही घेत नाही’ म्हणत सुमारे २० किलोमीटर दूर पाठवलं. तो वाटेतच गेला. त्यावरून झालेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावलं की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, आधी जीव वाचवायचा. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ ही तेच सांगतं. पोलिसांना कळवावं लागतं हे खरं, पण केसपेपरवर ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) लिहून ते काम उपचार चालू असतानाही होतं. (डिपॉझिटचंही तेच. आधी रक्त थांबवा, मग काउंटर.)

तातडी नसेल तर मात्र खासगी डॉक्टर पेशंट नाकारू शकतो. शुद्धीवरच्या, सज्ञान पेशंटलाही उपचार नको म्हणता येतं. हॉस्पिटल फार तर तसं लिहून सही घेईल, पण त्याला अडकवून ठेवू शकत नाही. बिल थकलं असलं तरीही.