काढताना काळी आधी, लावताना लाल

गणपतीला रेल्वेने कोकणात गेलेलं बिऱ्हाड तीन आठवड्यांनी ठाण्याला परततं, आणि घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत उभी असलेली गाडी किल्ली फिरवल्यावर नुसती 'टक' करते. गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉकिंग, अलार्म जागेच असतात. या सगळ्यांनी मिळून ५० मिलिअँपिअर ओढले, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, २१ दिवसांत २५. छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-तासांची. म्हणून निघण्यापूर्वी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. तेवढी एक पुरते. बॅटरीच बाहेर काढायची असेल तर मात्र दोन्ही, आणि तिथे क्रम चुकवून चालत नाही.

निगेटिव्ह वायर थेट गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. म्हणजे बॉडी, इंजिन, बॅटरीची पट्टी, सगळंच निगेटिव्ह. अशात पॉझिटिव्हचा नट दहाच्या पान्याने सोडवताना पान्याचं शेपूट पत्र्याला टेकलं, की बॅटरीची दोन टोकं लोखंडाने जोडली गेली. बॅटरीचा अंतर्गत रोध जेमतेम काही मिलिओहम, त्यामुळे पान्यातून शेकडो अँपिअर धावतात. पाना जागीच चिकटतो, तापून लाल होतो. हातातली अंगठी मध्ये आली तर बोट भाजतं. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण इथे भीती शॉकची नाहीच.

निगेटिव्ह आधी सोडवताना तोच पाना पत्र्याला लागला तर काहीच होत नाही, कारण दोन्ही आधीपासून जोडलेलेच. ती वायर सुटून कापडात गुंडाळून बाजूला गेली, की पॉझिटिव्हवरचा पाना पत्र्याला कुठेही टेकला तरी करंटला परतीची वाटच उरत नाही. लावताना उलट: लाल आधी, काळी शेवटी. शेवटच्या जोडणीला बारीक ठिणगी उडते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. म्हणून नुकतीच चार्ज केलेली बॅटरी लगेच जोडू नये, आणि जोडताना इग्निशन, दिवे बंद हवेत. इंजिन चालू असताना टर्मिनल काढून 'अल्टरनेटर', म्हणजे इंजिनावर चालून बॅटरी चार्ज करणारं जनित्र, 'तपासणं' ही तर शुद्ध आत्महत्या, गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सची. व्होल्टेज एकदम उसळतं आणि कंट्रोल युनिट जळू शकतं.

टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरवट बुरशीचं खापर आपण खाडीच्या खाऱ्या हवेवर फोडतो. मुख्य दोषी बॅटरीतूनच झिरपणारी आम्लाची वाफ. दोन्ही वायरी काढून, चष्मा आणि हातमोजे घालून, पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा. फसफसणं थांबलं की आम्ल संपलं. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. पुसून कोरडं करा, क्लॅम्प, म्हणजे वायरीच्या टोकाची पकड, बसवा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावा.

क्लॅम्प निघत नसेल तर हातोडी नको. नट पुरता सैल करून हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. शिसं मऊ असतं, क्लॅम्प ज्यावर बसतो तो बॅटरीचा शिशाचा खांब झाकणाशी तडकला की तिथून आम्ल पाझरू लागतं. पुन्हा कसतानाही हाताने फिरेनासा झाला की बस.

बॅटरी सुटली की रिमोट चालत नाही, तेव्हा किल्ली गाडीत ठेवून दार ढकलू नका. परत जोडल्यावर घड्याळ लावा. काचा आपोआप वर जात नसतील, तर बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण बंद करून बटण काही सेकंद वर ओढून धरलं की त्या पूर्ववत चालतात.