गळ टाकण्याआधी नदीचा ताप बघा

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन आणि ऑरेगन राज्यांत, सॅल्मन आणि स्टीलहेड या माशांच्या मागे लागलेली हौशी मंडळी घराबाहेर पडण्याआधी फोनवर नदीची चौकशी करतात. पाणी किती आहे, चढतंय की उतरतंय, किती गढूळ आणि किती गार. आपण कुठे किती गळ टाकावेत यासाठी हे बघतो असं त्यांना वाटत असतं. खरं तर ते माशाच्या शरीराचा हिशेब वाचत असतात.

पाण्याचा आकडा देते तिथली सरकारी भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्था. तिचं पहिलं मापन केंद्र १८८९ साली न्यू मेक्सिकोतल्या एम्बुडो इथे, रिओ ग्रांदेच्या काठी सुरू झालं. आज देशभर अशी हजारो केंद्रं आहेत. प्रवाह सांगतात क्युसेकमध्ये. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडल्याच्या बातम्यांत आपण वाचतो तोच क्युसेक, सेकंदाला सुमारे २८ लिटर. गंमत म्हणजे केंद्र सहसा प्रवाह थेट मोजतच नाही, मोजतं ती पाण्याची उंची. अमुक उंचीला तमुक प्रवाह हे कोष्टक माणसांनी पाण्यात उतरून किंवा होडीतून वेग मोजून आधीच बसवलेलं असतं. एखाद्या पुराने तळ खरवडून नेला की ते पुन्हा तपासावं लागतं.

मुरलेला गळवाला आकड्यापेक्षा आलेखाचा कल बघतो. नदी चढत असेल तर पाण्यात माती आणि पालापाचोळा. माशाला समोरचं आमिष दिसत नाही आणि तो काठाच्या संथ पाण्यात अंग चोरून राहतो. पाऊस थांबला, पाणी उतरणीला लागलं, हिरवट झालं आणि दोन-तीन फूट खोलवर दिसू लागलं, की ऑफिसात रजेचे अर्ज पडतात. पाणी अगदी नितळ झालं तर मात्र मासा बुजतो.

स्टीलहेड म्हणजे मुळात रेनबो ट्राउटच. त्याच जातीची काही पिल्लं जन्मभर नदीत राहतात, काही समुद्रात जाऊन दणकट होऊन परततात. पॅसिफिकचा सॅल्मनही समुद्रातून नदीत परततो, पण अंडी घालून मरतो. स्टीलहेडपैकी काही मात्र तगतात आणि पुन्हा समुद्र गाठतात. नदीत शिरलेला सॅल्मन खाणं जवळपास सोडून देतो. मग तो गळाला का लागतो? चिडून, की जुन्या सवयीने? काठावरचा हा वाद मिटलेला नाही, आणि गळवाल्यांना तो मिटायला हवाय असंही दिसत नाही.

घरची, म्हणजे जन्माच्या ओढ्याची वाट सॅल्मन वासाने शोधतो. १९५०च्या दशकात आर्थर हॅसलर आणि वॉरेन विस्बी यांनी सिॲटलजवळच्या इसाक्वा ओढ्यात एक साधा प्रयोग केला. ओढ्याच्या दोन शाखांत चढून आलेले कोहो सॅल्मन पकडले, निम्म्यांच्या नाकपुड्या बोळे घालून बंद केल्या आणि सगळ्यांना फाट्याच्या खाली सोडलं. नाक उघडं असलेले बहुतेक आपापल्या शाखेत परत गेले. बोळेवाले गोंधळून कुठल्याही शाखेत शिरले.

शरद ऋतूतल्या पहिल्या दमदार पावसाने ओढ्यांना जोर आला की खाली थांबलेले कोहो वर निघतात. कोकणात मृगाच्या पावसात शेतात चढणारे वलगणीचे मासे ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही घाई वेगळी समजावून सांगायला नको.

आता तापमान. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशांना जेमतेम ९. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे पाणी तापलं की त्याची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते. म्हणजे खर्च वाढला आणि आवक घटली. अशा वेळी गळाला लागून दमलेला मासा सोडून दिला तरी पुढे मरू शकतो. म्हणून मोंटाना राज्यात पाणी सलग तीन दिवस सुमारे २३ अंशांवर गेलं की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवता येते. पहाटे या, गारव्यात धरा, घरी जा. असे नियम थोडे जाचक वाटतात, पण मला ते रास्त वाटतात.

नियम माणसाला आवरतो, उन्हाळ्याला नाही. २०१५ साली कोलंबिया नदीत तापलेल्या पाण्याने अंदाजे अडीच लाख सॉकाय सॅल्मन गेले. २००२च्या सप्टेंबरमध्ये ऑरेगनमधून कॅलिफोर्नियात जाणाऱ्या क्लॅमथ नदीत पाणी कमी, कोमट, आणि त्यात माशांची दाटी. कल्ल्यांचे रोग पसरून किमान ३४ हजार मासे मेले. त्याच क्लॅमथवरची चार धरणं २०२४पर्यंत पाडून झाली आणि त्या शरदातच सॅल्मन ऑरेगनच्या हद्दीतल्या उपनदीत पोचले. शंभराहून अधिक वर्षांनी!

पण सिॲटलच्या शहरी ओढ्यांत प्रवाह, रंग, तापमान सगळं ठीक असूनही पहिल्या पावसानंतर कोहो अंडी घालण्याआधीच तडफडून मरत. पाण्याच्या वर तोंड काढून गोल गोल फिरायचे आणि काही तासांत संपायचे. कारण सापडायला अनेक वर्षं गेली. २०२०च्या डिसेंबरमध्ये संशोधकांनी दोषी रसायन जाहीर केलं: ६पीपीडी-क्विनोन. टायरचं रबर ओझोनने तडकू नये म्हणून त्यात ६पीपीडी घालतात. ओझोनशी झुंजताना त्याचं हे रूप तयार होतं. टायर झिजून रस्त्यावर साचलेली भुकटी पहिला पाऊस थेट ओढ्यात धुऊन नेतो, म्हणजे नेमका कोहोला वर बोलावणारा पाऊस. विचित्र असं की त्याच ओढ्यातल्या चम सॅल्मनला त्याने फारसं काही होत नाही.

नदीच्या रोजच्या अहवालात या विषाचा रकाना नाही. कॅलिफोर्नियाने २०२३मध्ये टायर कंपन्यांना पर्याय शोधायला भाग पाडणारा नियम लागू केला. तोवरचा उपाय मातीचा आहे. रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्ट मिसळलेल्या मातीच्या थरातून झिरपवून ओढ्यात सोडलं, तर त्यात कोहो जगतात, हे प्रयोगांत दिसलंय.