थ्री फेज कनेक्शनचा अर्ज परत का येतो: टेस्ट रिपोर्ट, अर्थिंग आणि लिकेजचा घोळ

पिठाची गिरणी, मसाला कांडप, वेल्डिंगचं दुकान, काहीही टाकायचं म्हटलं की महावितरणचं थ्री फेज कनेक्शन लागतं, आणि अर्ज तसा सोपा आहे. ए-वन फॉर्म ऑनलाइन भरायचा, आधार, जागेचा पुरावा म्हणून गावात असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, भाड्याची जागा असेल तर मालकाचं संमतीपत्र. मग साईट बघून जातात, कोटेशन येतं, ते भरायचं. इथपर्यंत सहसा कुणी अडकत नाही.

अडकतात ते टेस्ट रिपोर्टवर. आतलं वायरिंग आणि मोटर तपासली, लिकेज नाही (म्हणजे वीज गळून बॉडीत उतरत नाही), अर्थिंग आहे, हे लायसन्सवाल्या विद्युत ठेकेदाराने सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायचं असतं. गावातला वायरमन कितीही हुशार असला तरी त्याची सही चालत नाही. ठेकेदाराच्या लायसन्सची झेरॉक्स मागा आणि त्यावरची मुदत स्वतः वाचा, संपलेल्या लायसन्सवर सही करून पैसे घेऊन गेलेले लोक मी पाहिलेत, आणि अर्ज परत आल्यावर ते फोनही उचलत नाहीत. दुसरं म्हणजे फॉर्मवर 5 एचपी आणि रिपोर्टवर साडेसात असं करू नका, मोटरच्या नेमप्लेटचा फोटो काढून ठेवा आणि दोन्हीकडे तोच आकडा टाका.

आता खरं दुखणं. घरबसल्या रिपोर्ट 'बनवून' देणारे खूप आहेत, सगळ्यांच्या रिपोर्टवर तेच गुळगुळीत आकडे. मेगर (वीज गळते का हे तपासायचं यंत्र) लावलेलाच नसतो. नियम साधा आहे, 500 व्होल्टचा मेगर वायर आणि अर्थमध्ये एक मिनिट लावायचा, रीडिंग 1 मेगओहमच्या खाली येता कामा नये. जुनी, रिवाइंड केलेली मोटर पावसाळ्यात हमखास इथे मार खाते कारण वाइंडिंगने ओल धरलेली असते. अशी मोटर उघडून आत रात्रभर जुना तारेचा पिवळा बल्ब पेटता ठेवला तर सकाळी बऱ्याचदा रीडिंग सुधारतं. नाहीच सुधारलं तर ती मोटर बदला, रिपोर्टवरचा आकडा बदलू नका.

अर्थिंगचं तर विचारू नका. मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थ जोडण्या लागतात, ट्रान्सफॉर्मरच्या टाकीलाही तसंच, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत आहे. लोक काय करतात, एकाच बोल्टला दोन वायरी आवळतात आणि झाल्या दोन म्हणतात. नट ढिला झाला की दोन्ही गेल्या. काही जण बोअरच्या केसिंगला वायर गुंडाळतात, काही तर सरळ न्यूट्रलच बॉडीला जोडतात, हे सगळ्यात वाईट, कारण वाटेत न्यूट्रल तुटला की आख्खी मोटर लाइव्ह. आणि तशा जोडणीवर लिकेज ब्रेकर (वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच) टिकत नाही, सारखा उडतो, मग वैतागून तोच बायपास करतात. अहो, तो उडतोय म्हणजे काहीतरी सांगतोय ना!

स्वतःचा ट्रान्सफॉर्मर बसवणाऱ्यांचं, म्हणजे एचटीवाल्यांचं (हाय टेन्शन, उच्च दाबाची वीज घेणाऱ्यांचं) काम वेगळं. तिथे विद्युत निरीक्षक कार्यालय येतं, आधी नकाशा मंजूर, मग काम, मग तपासणी आणि मग चार्ज करायची, म्हणजे त्यात वीज सोडायची, परवानगी, हा क्रम उलटा करू नका. सेकंडहँड ट्रान्सफॉर्मर स्वस्तात मिळाला म्हणून उचलताना कंपनीचं टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या, नंतर ते कुणाकडेच सापडत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रललाही दोन स्वतंत्र अर्थ लागतात, बॉडीच्या त्या वेगळ्या.

आणि कनेक्शन मिळण्याची मुदत. 2024 च्या केंद्राच्या दुरुस्तीनुसार महानगरात 3 दिवस, नगरपालिका क्षेत्रात 7, ग्रामीण भागात 15 दिवस हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण ते दिवस अर्ज सर्व कागदांसह पूर्ण झाल्यापासून मोजतात, फॉर्म भरला त्या तारखेपासून नाही, आणि पोल किंवा नवीन लाइन लागत असेल तर ही गणतीच लागू होत नाही. म्हणून टेस्ट रिपोर्ट नुसता टेबलावर ठेवून येऊ नका, तारखेची पोच घ्या. पोच देत नाहीत म्हटलं तर आवक खात्यात अर्जासोबत जोडून द्या, तिथे शिक्का मारावाच लागतो.