करवत दाबावी लागली, की थांबा

चांगल्या धारेची इलेक्ट्रिक चेनसॉ लाकडात आपल्याच वजनाने उतरते. हातांनी ती फक्त पक्की धरायची आणि दिशा द्यायची. बुंध्यावर रेटून दाबावी लागत असेल, तर तीनपैकी एक गोष्ट झालेली असते: चेन बोथट झाली आहे, मोटारीला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही, किंवा बारपर्यंत (ज्या लांब पट्टीभोवती चेन फिरते ती) तेल पोहोचत नाही. आर्मेचर (मोटारीचा आतला फिरणारा भाग) जळणं, बारच्या कडा निळ्या पडणं, तोल जाऊन माणूस करवतीवर येणं, हे सगळं बहुतेक वेळा या दाबण्यापासूनच सुरू होतं.

धुऱ्यावरची बाभूळ, सुबाभूळ, वाळलेली मोसंबी, वावधानात पडलेला लिंब अशा कामांसाठी हे मशीन सोयीचं आहे. पेट्रोल लागत नाही, दोरी ओढावी लागत नाही, स्विच सोडला की आवाज बंद. त्यामुळेच लोक ते फार सहज हाताळतात. पण १६ इंची बारवर ३/८ इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांचं माप) चेन असेल, तर तिच्यावर साधारण २८ कापणारे दात असतात आणि ती सेकंदाला १२ मीटरच्या आसपास धावते. म्हणजे एका सेकंदात तीनशेहून जास्त दात एका जागेवरून जातात. आवाज कमी असला, तरी यात काही फरक पडत नाही.

वीज कुठून येते, ते आधी बघा

मराठवाड्यातल्या शेतात पहिली अडचण विजेची. २००० वॅटचं मशीन २३० व्होल्टला पूर्ण भार असताना साधारण ८.७ अँपिअर घेतं. आखाड्यावरच्या बोर्डापासून झाड १०० मीटरवर आहे आणि हाताशी १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे, असं धरू. जाऊन-येऊन २०० मीटर तांबं, त्याचा रोध जवळपास ३.९ ओहम. म्हणजे ३४ व्होल्ट वायरीतच संपले. बोर्डावरच २०० व्होल्ट येत असतील, तर मशीनला १६६ मिळतात. या मोटारीची ताकद, वेग तोच धरला तर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे हातात येते ती जेमतेम निम्मी ताकद. मग माणूस दाबतो. वेग आणखी पडतो, मोटारीचा पंखाही त्याच शाफ्टवर असल्यामुळे तोही मंदावतो, आणि चेन लाकडात अडकून मोटार थांबली की गुंडाळीतून जाणारा करंट एकदम वाढतो, थंड करणारी हवा मात्र शून्य. मे महिन्यात ४२-४३ अंशांच्या उन्हात आर्मेचर जळायला मग फार वेळ लागत नाही.

म्हणून ३० मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटर आणि १०० मीटरला किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी. २.५ च्या वायरीत तोच तोटा १४ व्होल्टवर येतो. वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून काम करू नये. आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं. पूर्ण उलगडा, मगच पिन लावा.

आता त्याहून गंभीर गोष्ट. शेतीच्या थ्री-फेज पेटीतून सिंगल फेज काढताना दोन चुका सर्रास होतात. पहिली, फेज आणि न्यूट्रलऐवजी दोन फेजमध्ये वायर जोडणं. तिथे २३० ऐवजी ४०० हून जास्त व्होल्ट असतात आणि मशीन क्षणात जातं. दुसरी, न्यूट्रल नाही म्हणून जमिनीत गज ठोकून त्याला न्यूट्रल करणं. ही चूक जीवघेणी आहे. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, गजापासून सुटते, तिचा रोध वाढतो. गजाचा रोध १० ओहम धरला तरी ८.७ अँपिअर वाहताना गज आणि त्याच्या भोवतालची जमीन मिळून ८७ व्होल्ट होतात. जवळ बांधलेल्या बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत जास्त अंतर असतं, त्यामुळे त्याला माणसापेक्षा जास्त धक्का बसतो. अशा जोडणीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) लगेच पडतो, आणि मग काही जण तो आरसीसीबीच काढून टाकतात. तो पडतो याचा अर्थ जोडणी चुकीची आहे. खरा न्यूट्रल मिळत नसेल, तर त्या जागी बॅटरीचं मशीन वापरावं किंवा काम वेगळ्या दिवशी करावं.

बहुतेक इलेक्ट्रिक चेनसॉवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. ते दुहेरी इन्सुलेशनचं चिन्ह. अशा मशीनला अर्थिंगची तिसरी पिन नसते, पण आरसीसीबी तरीही हवाच, कारण चेनखाली वायर आली तर त्याच्याशिवाय दुसरं काही आपल्याला वाचवत नाही. वायर नेहमी मागे, उजव्या खांद्यावरून किंवा उजव्या बाजूने ठेवावी आणि मशीनच्या हँडलपाशी असलेल्या खोबणीत तिचा वळसा अडकवावा. दहिवर पडलेलं असताना किंवा पाऊस भुरभुरत असताना काम करू नये. आणि झाडावरून तारा गेल्या असतील, तर महावितरणला कळवून लाईन बंद झाल्याशिवाय एकही फांदी तोडू नये. ओली फांदी वीज वाहून नेते.

टोक उसळतं कसं

चेन बारच्या वरच्या कडेने पुढे जाते, टोकाला वळसा घालते आणि खालच्या कडेने आपल्याकडे येते. म्हणून बारच्या खालच्या बाजूने कापताना मशीन पुढे ओढलं जातं, वरच्या बाजूने कापताना मागे ढकललं जातं. हे दोन्ही धक्के हातांना आधी कळतात. टोकाच्या वरच्या चतुर्थांश भागाचं तसं नसतं. तिथे दात वळणावर असतो, दाताची खोली आवरणाऱ्या त्याच्या पुढच्या लहान उंचवट्याची राखण सुटते आणि दात गरजेपेक्षा जास्त खोल घुसतो. लाकूड तेवढं सोडत नाही. मग चेनचा सगळा जोर बारला वर आणि मागे, सरळ चेहऱ्याकडे फेकतो. हे एक दशांश सेकंदाच्या आसपास घडतं. माणसाला एखादी गोष्ट दिसून हात हलायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो, म्हणजे सावध माणूससुद्धा वाचू शकत नाही. बचाव फक्त आधीच्या तयारीत आहे.

ती तयारी अशी: डावा हात पुढच्या हँडलवर, अंगठा खालून वळसा घातलेला, कोपर जवळजवळ सरळ. शरीर बारच्या रेषेच्या थोडं डावीकडे. म्हणजे उसळलंच तर बार खांद्याच्या उजवीकडून जातो आणि मनगट पुढच्या हँडलसमोरच्या कवचावर आदळून चेन ब्रेक बसतो. रोज काम सुरू करण्याआधी मशीन चालू करून मनगटाने ते कवच पुढे ढकलून पाहावं. चेन तिथल्या तिथे थांबली पाहिजे. दोन-तीन वेटोळे फिरून थांबत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत ते मशीन वापरू नका. सुरक्षा बटण (जे दाबल्याशिवाय स्विच चालत नाही) दोरीने किंवा टेपने दाबून ठेवणं तर कुठल्याही परिस्थितीत नको.

खांद्याच्या वर करवत न्यायची नाही. शिडीवर किंवा झाडावर चढून चालवायची नाही. कुऱ्हाड एका हाताने आणि फांदी दुसऱ्या हाताने, ही जुनी सवय इथे चालत नाही. हल्ली बाजारात ४ ते ६ इंची, २१ व्होल्ट बॅटरीच्या मिनी करवती येतात. मोसंबीच्या आणि सीताफळाच्या छाटणीला त्या हाताला हलक्या आणि सोयीच्या पडतात, पण स्वस्तातल्या बहुतेकांना चेन ब्रेक नसतो, आणि त्या एका हाताने चालतात म्हणून दुसरा हात आपोआप फांदीकडे जातो. डाव्या हाताची बोटं तिथेच जातात. फांदी धरायची असेल तर करवत बंद करून धरा.

उपरणं, गमछा, पदर, धोतराचा सोगा यांपैकी काही अंगावर लोंबतं ठेवू नये. पायात चपलांऐवजी पुढे लोखंडी टोपी असलेले बूट, डोळ्यांवर गॉगल. चेनसॉसाठी खास पँट मिळते, तिच्यातले लांब धागे चेन फिरवणाऱ्या गरारीत गुंततात आणि चेन थांबवतात. पण इलेक्ट्रिक मोटार कमी वेगालाही मोठा पीळ देते, त्यामुळे पेट्रोलच्या मशीनइतकी ही पँट इथे भरवशाची नाही. काम एकट्याने करू नये. जखम झालीच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं आणि १०८ ला फोन करायचा.

लोंबती फांदी वरच्या बाजूने ताणलेली आणि खालून दबलेली असते. थेट वरून कापली तर मध्येच चिरते, साल बुंध्यापर्यंत फाटत जाते आणि फांदी झुलून अंगावर येते. आधी बुंध्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर खालून तिसरा हिस्सा कापावा, मग त्याच्या थोडं बाहेर वरून कापून फांदी पाडावी, आणि शेवटी उरलेलं खुंट बुंध्याजवळच्या फुगीर वळीच्या बाहेरून काढावं. ती वळी शाबूत राहिली तरच जखम भरते. फळझाडांच्या जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं नको. दोन्ही टोकांना टेकलेल्या ओंडक्याचं उलटं असतं. तिथे दाब वर आणि ताण खाली, म्हणून आधी वरून तिसरा हिस्सा आणि मग खालून.

आंबा, चिंच, जांभूळ, साग ही झाडं स्वतःच्या शेतात असली तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आहेत. ती तोडायला परवानगी लागते.

धार, तेल आणि ताण

चेन बोथट झाली हे भुशावरून कळतं. धारदार चेन ढलप्या काढते, बोथट चेन पिठासारखा भुसा. धूर दिसला तर फार उशीर झाला. काप एका बाजूला वळत असेल, तर डाव्या किंवा उजव्या ओळीतले दात दुसऱ्या ओळीपेक्षा बोथट किंवा आखूड आहेत. जुन्या बाभळीच्या बुंध्यात कुंपणाची तार किंवा खिळा मुरलेला असतो, त्याने चार-सहा दात एका झटक्यात जातात. मातीही तितकीच वाईट. आपल्या जमिनीतले चुनखडीचे खडे आणि बारीक वाळू दाताच्या कडेला क्षणात मारतात, म्हणून ओंडका जमिनीवर ठेवून आरपार कापू नये. खाली लाकूड टेकवून उचलावा.

धार लावताना पिन काढलेली किंवा बॅटरी बाहेर असली पाहिजे. ३/८ इंच लो-प्रोफाईल चेनला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. चेन जरा जास्त ताणून घ्या, म्हणजे दात हलत नाहीत. पहिल्या दातावर पेनाने खूण करा. कानस ३० अंशात, दाताच्या आतून बाहेर, फक्त पुढे ढकलताना दाबायची, परत येताना उचलायची. कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या माथ्याच्या वर राहिला पाहिजे. प्रत्येक दाताला तेवढेच हात, सहसा दोन-तीन. आधी एका बाजूचे सगळे, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. जो दात सर्वांत आखूड झाला असेल, बाकीचे त्याच्या मापाला आणायचे. दात सुमारे ४ मिलिमीटरवर आला की चेन बदलायची.

एवढं करूनही चेन लाकूड धरत नसेल, तर प्रत्येक दातापुढच्या उंचवट्याकडे पाहा. दात किती खोल जाणार हे तो ठरवतो, रंध्याच्या पातीला तळ जसा आवरतो तसा. दात घासून खाली येतो, उंचवटा तिथेच राहतो, आणि मग धारेला लाकूड मिळतच नाही. तीन-चार वेळा धार लावल्यावर तो चपट्या कानशीने दाताच्या माथ्यापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली आणायचा. त्यासाठी पट्टीचं माप मिळतं, अंदाजाने करू नये. जास्त घासला तर चेन अधाशीपणे घुसते, मोटार अडते आणि उसळी वाढते.

तेलाची टाकी लहान असते, बहुतेक दीडशे-दोनशे मिलिलिटरची. प्रत्येक वेळी कामाला लागताना ती भरून घ्यावी. बारचं टोक पांढऱ्या कागदावर धरून मशीन पाच-दहा सेकंद चालवा, तेलाची रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही तर बार काढून खाच आणि तेलाचं भोक बारीक तारेने साफ करा, भुसा आणि तेलाची घट्ट लगदी तिथेच साठते. गाडीतून काढलेलं जळकं तेल घालू नका, त्यातली धातूची पूड पंपाला खाते. घरचं करडईचं किंवा जवसाचं तेलही नको. ही तेलं हवेत हळूहळू सुकतात आणि चिकट पापुद्रा धरतात, महिनाभर ठेवलं की तेलपंप गच्च होतो. चेनसाठीचं चिकट तेल मिळालं तर उत्तम. नाहीतर उन्हाळ्यात एसएई ३० किंवा ४० चं नवं इंजिन ऑईल चालतं.

चेनचा ताण थंड असताना बघायचा. बारच्या मधोमध ती वर ओढली तर ३-४ मिलिमीटर उचलली जावी, पण खालचे जिभेसारखे भाग खाचेतून पूर्ण बाहेर येऊ नयेत, आणि हाताने, मोजा घालून, मोकळी फिरावी. नवी चेन पहिल्या तासाभरात लांबते, मध्येमध्ये थांबून पुन्हा ताणावी. तापल्यावरही ती लांबते. तेव्हा ताणली असेल तर काम संपल्यावर सैल करायला विसरू नका. थंड होताना ती आकसते आणि मोटारीच्या शाफ्टवर व बेअरिंगवर रात्रभर ताण राहतो. दर धारेला बार उलटा करून लावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. कडेला बाहेर आलेली धातूची कोर कानशीने काढा. गरारीवर अर्धा मिलिमीटर खोल चरे पडले, की ती बदला. जुन्या गरारीवर नवी चेन चढवली तर तीही लवकर खराब होते.

कपाशी वेचून झाली, पऱ्हाटी निघाली, की जळतणाचं काम सुरू होतं आणि मशीनला विश्रांती मिळत नाही. तेव्हा रोज संध्याकाळी मोटारीच्या जाळ्यांमधला भुसा ब्रशने काढा. पाण्याने धुऊ नका. पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करा, नाहीतर तेल झिरपून सगळं खोकं भिजतं. चेन तेलात बुडवून ठेवा, बारला कव्हर घाला. मोटारीत ठिणग्या वाढल्या किंवा मशीन अडखळत चालू होऊ लागलं, तर कार्बन (मोटारीला वीज पोहोचवणारे दोन झिजणारे तुकडे) काढून मोजा. ५-६ मिलिमीटरपेक्षा आखूड झाले असतील तर दोन्ही एकदमच बदला, एकच बदलू नका. नवे कार्बन बसवल्यावर मशीन पाच मिनिटं लाकूड न कापता रिकामं चालू द्या, म्हणजे त्यांचं तोंड कम्युटेटरच्या (ते ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोल भागाच्या) गोलाईला बसतं.