थॉमसन आणि थॉम्प्सन, फरक फक्त एका 'प'चा नाहीये

व्हर्जिल थॉमसन आणि रँडल थॉम्प्सन. इंग्रजीत आडनावात एका 'पी'चा फरक, आणि मराठीत लिहिताना आपण तोही गाळतो त्यामुळे दोघंही 'थॉमसन' होऊन बसतात. त्यात दोघं अमेरिकन संगीतकार, दोघं हार्वर्डचे, एक 1896 चा आणि दुसरा 1899 चा. मग रँडलचं 'अलेलूया' हे प्रसिद्ध समूहगीत बिनधास्त व्हर्जिलच्या नावावर टाकलं जातं. मला हे खटकतं, कारण दोघांचं संगीत मनापासून आवडतं आणि ते अजिबात सारखं नाहीये.

सुरुवात हार्वर्ड ग्ली क्लबपासून करूया, म्हणजे तिथला पुरुषांचा कॉयर (गायकवृंद). तो तेव्हा आर्चिबाल्ड डेव्हिसन चालवायचे. रँडलने ऑडिशन दिली आणि त्याला घेतलंच नाही. पुढे तो म्हणायचा की मी आयुष्यभर त्याचंच उट्टं काढतोय. आणि व्हर्जिल? तो कॅन्सस सिटीचा, लहानपणापासून बाप्टिस्ट चर्चची गाणी कानावर पडलेली, 1919 ला हार्वर्डला आला आणि डेव्हिसनचा असिस्टंटच झाला, कधीकधी कंडक्टही करायचा, 1921 मध्ये ग्ली क्लबसोबत युरोप टूरला गेला आणि नादिया बुलांजे या संगीतशिक्षिकेकडे शिकायला पॅरिसलाच थांबला. परत आल्यावर बोस्टनच्या किंग्ज चॅपलमध्ये ऑर्गनिस्ट होता. म्हणजे कॉयर आणि ऑर्गनच्या जवळ होता व्हर्जिल, पण आज जगभरचे कॉयर ज्याचं गातात तो रँडल!

1925 ला व्हर्जिल पुन्हा पॅरिसला गेला तो जवळजवळ 15 वर्षं तिथेच राहिला. लेखिका गर्ट्रूड स्टाईनच्या शब्दांवर 'फोर सेंट्स इन थ्री अ‍ॅक्ट्स' हा ऑपेरा केला (अंक चार आहेत, संत तर कितीतरी), 1934 मध्ये हार्टफर्डला तो स्टेजवर आला तेव्हा सगळे गायक कृष्णवर्णीय होते, आणि त्या काळच्या अमेरिकेत ही फार मोठी गोष्ट होती. नंतर डॉक्युमेंटरींचं म्युझिक. 'लुइझियाना स्टोरी'साठी 1949 चं पुलित्झर मिळालं, सिनेमाच्या संगीताला मिळालेलं ते एकमेव.

आता 1940, कारण दोघांची गोष्ट इथे एकमेकांजवळ येते. जूनमध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं. व्हर्जिल अमेरिकेला परतला आणि न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यूनचा समीक्षक झाला, पहिल्याच लेखात फिनिश संगीतकार सिबेलियसच्या दुसऱ्या सिंफनीची सालटी काढली, आणि 1954 पर्यंत त्या पेपरात लिहीत राहिला. रँडल तेव्हा फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटचा डायरेक्टर होता. मॅसॅच्युसेट्समधल्या टँगलवूडला नवीन म्युझिक सेंटर सुरू होणार होतं, बोस्टन सिंफनीचे कंडक्टर कुसेवित्स्की यांना त्यासाठी जल्लोषाचं काहीतरी हवं होतं. पण फ्रान्स पडल्याची बातमी डोक्यात असताना रँडलला ते जमेना. त्याने 1 ते 5 जुलै, पाच दिवसांत एक संथ, जवळजवळ दुःखी तुकडा लिहिला ज्यात 'अलेलूया' आणि शेवटी 'आमेन' सोडून एकही शब्द नाही. 8 जुलैला उद्घाटन होतं आणि छापील प्रती कार्यक्रमाच्या अगदी थोडा वेळ आधी पोचल्या, तरी मुलं गायली. अलेलूया म्हणजे आनंद असं धरून कोणी जोरात गायला गेलं की हा तुकडा मरतो, तो हळू आवाजातच उलगडत जायला हवा.

दोघांच्या संगीताला 'सोपं' म्हणतात, त्यानेही गोंधळ वाढतो. रँडलचा सोपेपणा गळ्यासाठी आहे, प्रत्येक आवाजाला, अगदी मधल्या अल्टोलाही (बायकांचा खालचा आवाज) गावीशी वाटणारी ओळ मिळते (फ्रॉस्टच्या कवितांवरचं 'फ्रॉस्टियाना' ऐका). व्हर्जिलचा सोपेपणा वेगळा, चर्चच्या साध्या चाली आणि पॅरिसला फ्रेंच संगीतकार एरिक सातीकडून घेतलेला कोरडेपणा, मुद्दाम सजावट काढून टाकलेली. तो समोर माणूस बसवून पेंटरसारखं त्याचं पोर्ट्रेट सुरांत लिहायचा, अशी शंभराहून जास्त लिहिली.

तर प्लेलिस्टवर नाव चुकलंय असं वाटलं तर ऑपेरा, पॅरिस, सिनेमा, समीक्षा म्हणजे 'प' नसलेला व्हर्जिल. कॉयर म्हणजे बहुतेक वेळा रँडल, आणि त्याचं 'अलेलूया' टँगलवूडच्या उद्घाटनाला आजही गातात.