कुत्र्याची खाज आणि इंटरल्युकिन-31चा निरोप

रात्री घर निजलं की आमच्याकडे एक आवाज सुरू व्हायचा. चप्-चप्, चप्-चप्. आमची लॅब्रॅडॉर पुढच्या पंज्याची बोटं फाकवून मधली जागा चाटत बसलेली असायची. महिन्याभरात तिथल्या पांढरट केसांवर विटकरी डाग चढला. तो रक्ताचा नव्हता. कुत्र्याच्या लाळेत पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं असतात, ती केसांवर साचून डाग पडतो. असा डाग दिसला की कुत्रं बरेच दिवस चाटतंय हे नक्की.

ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच सल्ला दिला: "माणसांची ॲलर्जीची गोळी असते ना, ती अर्धी दे." सल्ल्यामागचा विचार सरळ आहे. ॲलर्जी म्हणजे हिस्टामिन, अंगात सुटणारं खाज आणणारं रसायन, आणि हिस्टामिनवर उतारा अँटिहिस्टामिन. माणसाच्या अंगावर पित्त उठतं तेव्हा हे बरोबरही ठरतं. पण कुत्र्याच्या ॲटोपिक त्वचारोगात, म्हणजे धूळकिडे, परागकण, बुरशी यांच्या वावड्यातून येणाऱ्या जुनाट खाजेत, या गोळ्यांचा उपयोग फारच थोडा होतो. का होत नाही, ते कळलं तेव्हा मी अक्षरशः थक्क झालो.

त्वचेचा बाहेरचा थर भिंतीसारखा असतो. पेशी या विटा, आणि त्यांच्यामधली सिरॅमाइडसारखी स्निग्ध द्रव्यं हा चुना. या रोगाच्या अनेक कुत्र्यांत तो चुनाच कमी पडतो आणि धूळकिड्यांच्या विष्ठेचे कण फटींतून आत शिरतात. माणूस धुळीने शिंकतो, कुत्रं खाजवतं. म्हणूनच पंजे, काखा, जांघा, कान, तोंडाभोवतीचा भाग आधी लाल होतो. आत शिरलेला कण पहारेकरी पेशी उचलतात आणि टी पेशींना, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेतल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. इथून दोन वाटा फुटतात. एक वाट शाळेत ऐकलेली: आयजीई प्रतिपिंडं, मास्ट पेशी, हिस्टामिन. दुसऱ्या वाटेवर टी पेशी एक छोटं प्रथिन सोडतात, इंटरल्युकिन-31.

हे प्रथिन 2004 साली जगापुढे आलं. ते जास्त प्रमाणात तयार करणारे उंदीर खाजवून खाजवून स्वतःचे केस घालवून बसले. पुढे निरोगी कुत्र्यांना ते टोचलं, तर तीही खाजवू लागली. ॲटोपिक कुत्र्यांपैकी निम्म्याहून अधिक कुत्र्यांच्या रक्तात ते सापडलं, निरोगी कुत्र्यांत मोजण्याइतकंही नव्हतं. मला यात मोह घालते ती पुढची पायरी. त्वचेत पोचलेल्या चेतातंतूंवर या प्रथिनाचा ग्राहक, म्हणजे त्याला पकडणारा रेणू असतो, दोन तुकड्यांचा. प्रथिन त्यात बसलं की दोन्ही तुकडे जवळ येतात, आतल्या बाजूला चिकटलेली जॅक-1 ही विकरं जागी होतात, फॉस्फेटचे गट जोडत सुटतात, आणि चेतापेशी मेंदूकडे निरोप धाडते: खाज! रोगप्रतिकार यंत्रणा इथे थेट मज्जासंस्थेशी बोलते. हिस्टामिनचा ग्राहक हे वेगळंच दार आहे. त्याला कितीही कुलपं घाला, निरोप या दाराने जातच राहतो.

हे समजल्यावर औषधं आली. 2013 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं ओक्लॅसिटिनिब ही गोळी जॅक विकरांना अडवते. बऱ्याच कुत्र्यांची खाज पहिल्याच दिवशी उतरते. मात्र वर्षाच्या आतल्या पिल्लांना किंवा गंभीर संसर्ग असलेल्या कुत्र्यांना ती देत नाहीत. दुसरं औषध लोकिव्हेटमॅब, हे इंटरल्युकिन-31ला वाटेतच धरणारं प्रतिपिंड. एक इंजेक्शन साधारण महिनाभर पुरतं. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडं दोन्ही वाटा दडपतात, म्हणून भडका उडाल्यावर थोडे दिवस ती फार कामाची. लांबली तर तहान, लघवी, भूक वाढते आणि कातडी पातळ होते.

पण खाज थांबली म्हणजे ॲलर्जी गेली असं नाही. शिवाय तिच्यासोबत इतर पाहुणे असतातच. ओरबाडलेल्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस जिवाणू आणि मॅलसेझिया ही यीस्ट वाढते, कुबट वास येतो, कान वाहतात. तेव्हा क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू लावून दहा मिनिटं तसाच ठेवावा लागतो. ही दहा मिनिटं कोणी पाळत नाही! माणसांचा शाम्पू मात्र नको, कुत्र्याच्या त्वचेची आम्लता आपल्यापेक्षा वेगळी असते.

शेपटीच्या बुडाशी खाज असेल तर आधी पिसवा शोधा. केसांतले काळे दाणे ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस कडं पसरलं तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. वावडं असलेल्या कुत्र्याला थोडेसे चावेही पुरतात, म्हणून घरातल्या सगळ्याच प्राण्यांना औषध द्यावं लागतं.

अन्नाच्या ॲलर्जीबद्दल तर बाजार मांडलाय. केस किंवा लाळ पाठवा, लगेच वावड्यांची यादी मिळेल! या चाचण्यांवर विसंबू नका, निरोगी कुत्र्यांच्या लाळेतूनही अशा याद्या निघतात. रक्ततपासणीही इथे भरवशाची नाही. खरी परीक्षा एकच: किमान आठ आठवडे कुत्र्याने पूर्वी कधीच न खाल्लेलं किंवा प्रथिनं तोडून बारीक केलेलं अन्न, दुसरं काहीही नाही, आणि मग जुनं अन्न पुन्हा देऊन खाज परतते का ते पाहणं. 'नैसर्गिक' म्हणून टी ट्री तेल चोळणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, ते कुत्र्यांना विषारी आहे.

हे सगळं तपासूनही खाज उरली, तरच तिला ॲटोपी म्हणायचं. तिच्या मुळाला हात घालणारा उपाय एकच, ज्याचं वावडं त्याचेच वाढते डोस टोचणं. लिओनार्ड नून यांनी 1911 साली परागज्वराच्या रुग्णांवर हाच मार्ग वापरला होता. सगळ्या कुत्र्यांना गुण येत नाही आणि येतो तेव्हाही वर्षभर थांबावं लागतं. आम्ही लोकिव्हेटमॅबचं इंजेक्शन चालू ठेवून हे सुरू केलं आणि रोज रात्री खाजेला शून्य ते दहा गुण वहीत लिहीत गेलो. पाचव्या महिन्यात पंजा उजेडात धरून पाहिला. केसांची टोकं अजून विटकरी होती, मुळाकडचा अर्धा बोटभर केस पांढरा उगवला होता.